नागपूरच्या घरात ओलेड टीव्ही: रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका

रात्री रिमोटने टीव्ही बंद करायचा आणि झोपायला जाता जाता भिंतीवरचं बटणही खाली करायचं, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. एलईडी टीव्हीचं त्याने काही बिघडत नव्हतं. ओलेडचं बिघडतं.

ओलेडमध्ये मागून उजेड टाकणारा दिवा नसतो. ४के पडद्यावरचे त्र्याऐंशी लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, आपापले उजळतात आणि आपापले विझतात. म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण जो पिक्सेल जास्त जळतो, तो जास्त झिजतो. ही झीज टीव्ही स्वतः मोजतो आणि त्याप्रमाणे विजेचा पुरवठा जुळवून घेतो. हे काम पडदा चालू असताना होत नाही. रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये (पडदा बंद, पण वीज चालू), कुणी पाहत नसताना ते होतं. एकूण वापर साधारण चार तासांचा झाला की पुढच्या वेळी बंद केल्यावर काही मिनिटांची छोटी फेरी चालते. दोन हजार तासांच्या आसपास एक मोठी फेरी येते, ती तासभर चालते. रोज पाच तास टीव्ही पाहणाऱ्या घरात ती साधारण तेरा महिन्यांनी येईल. भिंतीवरचं बटण बंद असेल तर यातलं काहीच होत नाही. मग दीड-दोन वर्षांत पडद्यावर उभे पट्टे आणि डाग दिसायला लागतात आणि दोष पॅनेलला दिला जातो.

फेरी होते की नाही हे कानाने कळतं. चार तासांहून जास्त पाहून झाल्यावर रिमोटने बंद करा आणि खोली शांत ठेवा. बऱ्याच संचांत रिलेचा, म्हणजे आतल्या विजेच्या स्विचचा, बारीक ‘टक’ आवाज येतो, थोड्या वेळाने पुन्हा येतो. तेवढ्यात वीज गेली तरी घाबरायचं कारण नाही, राहिलेली फेरी टीव्ही पुढच्या वेळी बंद केल्यावर घेतो. रोजचा नियम सोपा आहे: रिमोटने बंद करा आणि भिंतीवरचं बटण रात्रभर चालूच राहू द्या. कडकडाटाची चिन्हं दिसली तर मात्र आधीच प्लग काढायचा, त्याबद्दल पुढे येईलच.

कोणतं पॅनेल, किती इंच

बाजारात मोठ्या ओलेड पॅनेलच्या दोन मुख्य जाती आहेत. एक एलजी डिस्प्लेची, पांढऱ्या ओलेडवर रंगीत गाळण्या बसवलेली. तिला डब्ल्यू-ओलेड म्हणतात. दुसरी सॅमसंग डिस्प्लेची, निळ्या ओलेडवर क्वांटम डॉट्स (उजेडाचा रंग बदलणारे अतिसूक्ष्म कण) असलेली, म्हणजे क्यूडी-ओलेड. ही टीव्हीत २०२२ साली आली. टीव्हीवरच्या कंपनीच्या नावावरून जात ठरत नाही. सोनीने दोन्ही प्रकारची पॅनेल वापरली आहेत आणि सॅमसंगच्या काही संचांत डब्ल्यू-ओलेडही असतं. म्हणून ब्रँड न विचारता मॉडेल नंबर आणि इंच सांगून पॅनेल विचारा.

फरक कुठे पडतो? क्यूडी-ओलेडचे रंग भर उजेडातल्या दृश्यातही भरलेले राहतात आणि बाजूने पाहिलं तरी पांढरा रंग कमी बदलतो. पण त्यात बाहेरचा उजेड शोषणारा ध्रुवक थर (पोलरायझर) नसतो, त्यामुळे खोलीतला उजेड पडद्यावर पडला की काळा रंग राखाडी-जांभळट दिसतो. नागपूरच्या फ्लॅटमध्ये हॉलला गॅलरीचं मोठं दार असतं आणि टीव्ही बहुधा त्याच्या समोर किंवा तिरका लागतो. दुपारी पडदे उघडे ठेवून सामना पाहणारं घर असेल तर डब्ल्यू-ओलेड घ्या. टीव्ही मुख्यतः रात्री, दिवे मंद करून पाहणार असाल तर क्यूडी-ओलेडचा रंग पैसे वसूल करतो.

आकारासाठी टेप घ्या आणि डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. ४के चित्रासाठी कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतर चांगलं. ५५ इंचाला साधारण साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ इंचाला साडेसहा ते पावणेनऊ, ७७ इंचाला पावणेआठ ते सव्वादहा फूट. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लागून असेल तर अंतर आठ-साडेआठ फूट भरतं, म्हणजे ६५ बरोबर बसतो. बहुतेक वेळ केबल नाहीतर डिशचे साधे एचडी चॅनेलच चालत असतील तर फार जवळ बसू नका, मोठ्या पडद्यावर त्यांचा खरखरीतपणा उघडा पडतो. ७७ घेणार असाल तर खोक्याचं माप घेऊन बिल्डिंगची लिफ्ट आणि जिन्याचं वळण आधीच मोजून ठेवा. हे खोकं आडवं झोपवून न्यायचं नसतं.

शोरूममध्ये काय पाहायचं

सीताबर्डीला जा नाहीतर धरमपेठेत, टीव्ही लावलेला असतो ‘व्हिव्हिड’ या भडक मोडवर, आणि त्यावर कंपनीने बनवलेला फुलपाखरांचा व्हिडिओ चालू असतो. त्यावरून काहीच ठरत नाही. विक्रेत्याला ‘फिल्ममेकर मोड’ लावायला सांगा. हा मोड यूएचडी अलायन्स या टीव्ही आणि सिनेमा कंपन्यांच्या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केला. तो निवडला की चित्र गुळगुळीत करणारी आणि जास्तीची धार देणारी प्रक्रिया बंद होते. दोन संच शेजारी पाहायचे असतील तर दोन्हीवर हाच मोड हवा, नाहीतर तुलना पॅनेलची न होता सेटिंगची होते.

पेन ड्राइव्ह बरोबर न्या. त्यात तुमच्या आवडीची एखादी अंधारी ४के क्लिप असू द्या आणि घरीच तयार केलेली सपाट रंगांची चित्रं. ती करणं पाच मिनिटांचं काम आहे. कंप्युटरवर ३८४० बाय २१६० आकाराचं कोरं चित्र घ्या, लाल-हिरवा-निळा या तिन्ही आकड्यांत १३ भरा आणि जेपीजी म्हणून सर्वांत वरच्या दर्जावर साठवा. हा झाला ५ टक्के राखाडी. तसंच २६ भरून १० टक्के, ५१ भरून २० टक्के, १२८ भरून ५० टक्के, २५५ भरून पूर्ण पांढरा आणि शून्य भरून काळा. शुद्ध लाल, हिरवा आणि निळा असे आणखी तीन. ही नऊ चित्रं पुढे घरीही लागणार आहेत.

डिस्प्लेला लावलेला संच सवलतीत मिळतो म्हणून घेऊ नका. तो दिवसाला दहा-बारा तास, पूर्ण उजेडावर, तोच व्हिडिओ आणि कोपऱ्यात तोच लोगो दाखवत उभा असतो. घ्यायचीच वेळ आली तर मेनूतल्या टीव्हीच्या माहितीत एकूण चालू तास पाहा (अनेक संचांत ते दिसतात) आणि ५ टक्के राखाडी चित्रावर लोगोची सावली शोधा.

वॉरंटीबद्दल एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: पडद्यावर कायमचा डाग पडला तर तो धरला जातो का? पॅनेलची वॉरंटी असली तरी या डागासाठी ती बहुधा लागू नसते. जुन्या किमतींशी तुलना करत असाल तर एक ध्यानात ठेवा, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

भिंतीला भोक पाडण्याआधी तपासणी

कंपनीचा माणूस येतो, ड्रिल काढतो आणि वीस मिनिटांत टीव्ही भिंतीवर चढतो. त्याला थांबवा. आधी टीव्ही त्याच्या स्टँडवर, टेबलावर उभा करा, चालू करा आणि चित्रं पाहा. एकदा टांगल्यावर बदलून घेणं कटकटीचं होतं. भेट संध्याकाळची ठरवली तर अंधारात तपासता येतं.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, खोक्याचे चारही कोपरे त्यात दिसू द्या. संच दोघांनी, उभाच, खालच्या कडेला आणि बाजूच्या चौकटीला धरून उचलायचा. ओलेडचा वरचा भाग काही मिलीमीटर जाडीचाच असतो. तळहाताने मधोमध दाब दिला किंवा गादीवर पालथा घातला तर काच आतून तडकते. बाहेरून ओरखडाही नसतो आणि चालू केल्यावर उभी रंगीत रेघ दिसते. असं नुकसान वॉरंटीत कुणी धरत नाही.

आता दिवे बंद करा आणि रोज जिथे बसणार तिथे बसा. नाक पडद्याला लावून दोष शोधू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही पाहू नका. अंधारात तो उजेड स्वतःच वाढवतो आणि नसलेले पट्टे दाखवतो.

आधी काळं चित्र. पडदा खोलीच्या अंधारात विरघळून गेला पाहिजे, कडा सापडता कामा नये. धुरकट राखाडी दिसत असेल तर पॅनेल बहुधा निर्दोष असतं आणि चूक एचडीएमआयच्या ब्लॅक लेव्हलची असते. सेट-टॉप बॉक्स मर्यादित रेंज पाठवतो आणि टीव्ही पूर्ण रेंज समजतो. ते सेटिंग ‘ऑटो’ करून पुन्हा पाहा. उलटी चूक असेल तर अंधारातले केस, काळे कपडे, सावल्या सगळ्यांचा एकच काळा गोळा होतो.

मग ५ टक्के राखाडी. ही सर्वांत कठीण परीक्षा आहे आणि इथेच लोक घाबरतात. बारीक उभे पट्टे जवळपास प्रत्येक ओलेडवर दिसतात, कडेला किंचित अंधारही असतो. नव्या संचावर ते जास्त दिसतात आणि पहिल्या शंभरेक तासांत, काही छोट्या फेऱ्या झाल्यावर, बरेच फिके होतात. तेव्हा पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. फोटोऐवजी कागदावर नोंद करा: कुठे, डावीकडून किती, किती रुंद. दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. बदली मागायची तर कारण असं हवं: मध्यभागी एकच ठळक पट्टा आहे आणि तो खऱ्या दृश्यातही, कॅमेरा हळू सरकताना, जागच्या जागी उभा दिसतो. हे पाहायला क्रिकेट उत्तम. चेंडूमागे कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरतो तेव्हा सपाट हिरव्या रंगातला प्रत्येक डाग उठून दिसतो.

५० टक्के आणि पूर्ण पांढऱ्यावर रंगाची छटा पाहा. डब्ल्यू-ओलेडवर एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट झाक असू शकते. बसल्या जागेवरून पांढऱ्या कपड्यावर, पांढऱ्या भिंतीवर ती जाणवली तरच तो दोष धरा. लाल, हिरव्या, निळ्या चित्रांवर मेलेले पिक्सेल शोधा, आणि ही एकच तपासणी जवळ जाऊन करायची. कडेला एखादा काळा ठिपका असेल तर कंपनी बहुधा बदलून देत नाही. मधोमध सतत पेटलेला ठिपका असेल तर लगेच तक्रार करा. बदलीची मुदत ऑनलाइन खरेदीत थोड्याच दिवसांची असते.

पूर्ण पांढरं चित्र लावल्यावर उजेड एकदम उतरेल. तो दोष नाही. सगळे पिक्सेल एकाच वेळी जोरात पेटले तर वीज आणि उष्णता झेपणार नाही, म्हणून टीव्ही स्वतः हात आखडता घेतो. पडद्याच्या दहाव्या भागात हजार निटच्या (निट हे उजेडाचं माप) पुढे जाणारा संच पूर्ण पांढऱ्यावर दोनशे-तीनशे निटच्या आसपास येतो. म्हणून जाहिरातीतला निटचा मोठा आकडा पाहून टीव्ही निवडू नका. दुपारचा क्रिकेट सामना हा मोठ्या उजळ भागाचाच कार्यक्रम असतो, तिथे पूर्ण पडद्याचा आकडा कामाचा.

जागा आणि उन्हाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपात पंखा लावलेल्या बंद खोलीतही ३८-३९ अंश सहज होतात. ओलेड संचांच्या मॅन्युअलमध्ये वापराची मर्यादा साधारण ० ते ४० अंश दिलेली असते. ओलेडचा सेंद्रिय थर उष्णतेने लवकर झिजतो, आणि पॅनेल स्वतःची उष्णता त्यात भर घालतंच. तेव्हा आपल्या गावात ही मर्यादा खरोखर गाठली जाते.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही लावू नका. संध्याकाळी सहाला हात लावून पाहा, ती भिंत तव्यासारखी असते आणि रात्री दहापर्यंत निवत नाही. शक्य तर घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडा. पर्याय नसेल तर भिंतीला चिकटणारा ब्रॅकेट टाळा, मागे हवा खेळेल असा घ्या, आणि वर व दोन्ही बाजूंना दहा सेंटीमीटर मोकळे ठेवा. चारी बाजूंनी लाकडी पॅनेलिंग करून टीव्ही कोनाड्यात बसवण्याची इंटीरिअरवाल्यांची हौस ओलेडच्या जिवावर येते. उन्हाचा कवडसा तर पडद्यावर कधीच पडता कामा नये, टीव्ही बंद असला तरीही.

सुट्टीवरून परतल्यावर तापलेल्या घरात लगेच टीव्ही लावू नका. आधी कूलर किंवा एसी अर्धा तास चालू द्या. पण कूलरचा झोत टीव्हीवर येऊ देऊ नका. नव्या वाळ्याच्या ताट्यांतून पाण्याचे कण उडतात, बोअरच्या जड पाण्यातला क्षार काचेवर पांढरा थर धरतो, आणि मागच्या जाळीतून ओलावा आत जातो. कूलर टीव्हीच्या समोर नको, बाजूच्या खिडकीत ठेवा आणि हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी राहू द्या. खोलीची आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली हवी. छोटं हायग्रोमीटर टीव्हीच्या मागे टांगून ठेवलं तर अंदाज करत बसावं लागत नाही.

हाताने सुरू करायची मोठी फेरी उन्हाळ्यात टाळा. सोनीच्या सूचनेत ‘पॅनेल रिफ्रेश’ खोलीचं तापमान १० ते ४० अंशांमध्ये असतानाच करावं असं लिहिलेलं आहे, आणि वर्षातून एकदापेक्षा जास्त नको असंही. ही फेरी म्हणजे औषध आहे, रोजचा आहार नाही. विनाकारण चालवली तर पॅनेलचं आयुष्य कमी होतं. ती करायचीच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. एलजीवर ती ओलेड केअरमध्ये ‘पिक्सेल क्लीनिंग’ नावाने, सॅमसंगवर पॅनेल केअरमध्ये ‘पिक्सेल रिफ्रेश’ नावाने सापडते. चालू असताना पडद्यावर एखादी पांढरी रेघ सरकताना दिसली तर ती फेरीचाच भाग आहे.

उंचीचं सांगायचं तर पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत हवा. सोफ्यावर बसून पाहत असाल तर जमिनीपासून १०० ते ११० सेंटीमीटर, खाली गादीवर बैठक असेल तर ७५ ते ८०. आपल्याकडे टीव्ही दाराच्या चौकटीइतका वर टांगतात, त्याने मान दुखते आणि डब्ल्यू-ओलेडचा पांढरा रंग खालच्या कोनातून बदलतो.

भिंत कशाची आहे ते आधी बघा. बेसा, मनीषनगरकडच्या नव्या इमारतींत हलके एएसी ब्लॉक असतात. त्यात साधा प्लास्टिक गट्टू धरत नाही. १० मिलीमीटरचे लांब नायलॉन फ्रेम अँकर किंवा केमिकल अँकर लागतात, आणि ड्रिल हॅमर बंद ठेवून चालवायचं. विटांच्या किंवा फ्लाय-ॲशच्या भिंतीत भोक विटेतच पडू द्या, सांध्यात नको. पुढे ओढता येणारा हात लावणार असाल तर भिंतीवरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. एएसीवर तो लावायचा असेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट घ्या.

वीज

टीव्हीला स्टॅबिलायझर लागत नाही. आतला पुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. धोका दोन गोष्टींचा: वीज कोसळल्यावर येणारा झटका आणि न्यूट्रल तुटणं.

न्यूट्रल तुटली की तीन फेजच्या इमारतीत एखाद्या घरात व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकतं. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो, मिनिटभर राहणाऱ्या ४०० व्होल्टपुढे तो स्वतः जळतो. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. वरची मर्यादा २६५-२७०, खालची १७०-१८०, पुन्हा जोडायला तीन मिनिटांचा उशीर. जोडीला टाइप २ सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे क्षणभराचा झटका जमिनीत सोडणारं यंत्र. ही दोन यंत्रं टीव्हीबरोबर फ्रिज आणि एसीही वाचवतात.

सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय निकामी आहे. मल्टीमीटरने टीव्हीच्या सॉकेटवर मोजा: फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट किंवा कमी. न्यूट्रल-अर्थ दहाच्या वर गेलं किंवा फेज-अर्थ खूप कमी आलं तर इलेक्ट्रिशियन बोलवा. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणं हा जुना उपाय आजही कामाचा आहे. नेमके याच दिवसांत अवकाळीचे ढग गडगडतात.

ढग भरून आले की, कडकडाट सुरू व्हायच्या आधीच, टीव्हीचा प्लग काढा आणि डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून सोडवा. गच्चीवरच्या डिशवरून झटका केबलने बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीच्या मदरबोर्डात येतो. टीव्हीचा प्लग काढलेला असतानाही पोर्ट जळतात ते यामुळे. फायबर इंटरनेटची काचेची तार वीज वाहत नाही, पण राउटरपासून टीव्हीला तांब्याची लॅन केबल असेल तर तीही काढा. वादळ गेलं की सगळं परत लावा आणि त्या रात्री स्टँडबाय द्या.

इन्व्हर्टरवर टीव्ही चालवणार असाल तर तो प्युअर साइन वेव्हचा असू द्या.

सेटिंग

पहिल्यांदा सुरू करताना ‘घर’ हा पर्याय निवडा, ‘दुकान’ नको. मग ऊर्जाबचत बंद करा, कारण बऱ्याच संचांत ती आधीपासून चालू असते आणि चित्र विझल्यासारखं दिसतं. रात्रीसाठी फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड ठेवा. दिवसासाठी दुसरा एक मोड वेगळा लावून ठेवा, त्यात फक्त पॅनेलचा उजेड वाढवलेला. साध्या चित्रासाठी उजेड डोळ्याला सुखावेल इतकाच ठेवा. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या) दृश्यासाठी तो पूर्णच असू द्या, तिथे चित्रच ठरवतं कुठे किती उजळायचं.

रंगाची छटा ‘वॉर्म’ ठेवा: एलजीवर वॉर्म ५०, सॅमसंगवर वॉर्म २, सोनीवर एक्सपर्ट १. पहिले चार दिवस घरातले सगळे म्हणतील की चित्र पिवळं आहे. जुन्या टीव्हीच्या निळसर पांढऱ्याला नजर सरावलेली असते. एक ढोबळ पडताळा करा: घरातली पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची असेल तर तिच्या उजेडात साधा कोरा कागद पडद्यावरच्या पांढऱ्या चित्राशेजारी धरा. ‘कूल’ छटा कागदापुढे सरळ निळी दिसते.

हालचालीबद्दल: ओलेडचा पिक्सेल डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतो, त्यामुळे सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा हळू सरकत्या दृश्यात अडखळतो. एलसीडीचा संथपणा हे झाकत असे. यावर डी-जडर (अडखळणं कमी करणारं सेटिंग) दोन-तीनवर ठेवणं पुरे, त्याहून वर गेलं की सिनेमा मालिकेसारखा दिसतो. आपलं प्रसारण ५० हर्ट्‌झवर आधारलेलं आहे. स्टिक किंवा बॉक्स सतत ६० वर अडकलेला असेल तर क्रिकेटमध्ये चेंडू झटके देत जातो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘मूळ फ्रेम रेटशी जुळवा’ चालू करा, नाहीतर टीव्हीतलंच ॲप वापरा.

अंधाऱ्या दृश्यात चौकोनी ठोकळे दिसले तर पॅनेलला दोष देऊ नका. कमी डेटाच्या स्ट्रीमिंगमधला कचरा एलसीडीच्या धुरकट काळ्यात लपत होता, इथे तो उघडा पडतो. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएसचा वेग सांगतं. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर लॅन केबल टाका. एचडीआर खरोखर सुरू झालं की टीव्ही कोपऱ्यात खूण दाखवतो. खूण आली नाही तर तुमचा प्लॅन किंवा एचडीएमआय पोर्टचं सेटिंग तपासा. सॅमसंग डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार घेत नाही, त्यावर तीच मालिका एचडीआर१० किंवा एचडीआर१०+ मध्ये दिसेल.

आवाजाबद्दल थोडकं: इतक्या पातळ संचातून भरीव आवाज येत नाही. साउंडबार ई-आर्क (eARC) लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच जोडा.

बातम्यांची पट्टी

कायमचा डाग पडतो तो एकाच जागी रोज तासन्‌तास पेटलेल्या चित्राने. सिनेमा, मालिका, सामने यांनी सहसा पडत नाही. कॅनडाच्या आरटिंग्ज या चाचणी संस्थेने २०१८ मध्ये एलजीचे सहा सारखे ओलेड रोज वीस तास वेगवेगळ्या कार्यक्रमांवर चालवले. वृत्तवाहिनी पूर्ण उजेडावर दाखवणाऱ्या संचावर डाग लवकर आले, बदलत्या दृश्यांच्या संचांवर ते तसे आले नाहीत. त्यानंतरची पॅनेल अधिक टिकाऊ झाली आहेत, पण कारण बदललेलं नाही.

मराठी वृत्तवाहिन्यांवर खाली लाल-पिवळी पट्टी, कोपऱ्यात लोगो, बाजूला चौकट, आणि निवडणुकीच्या निकालाला नाहीतर हिवाळी अधिवेशनात हे सगळं सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. घरात आजोबा रोज आठ तास बातम्या लावून बसत असतील तर त्यांच्यासाठी खोलीत साधा एलईडी असू द्या. ओलेडवर बातम्या लागतीलच, तेव्हा वेगळा मंद मोड ठेवा. लोगोचा उजेड कमी करणारं सेटिंग आणि चित्र बारीक सरकवणारं सेटिंग, दोन्ही चालू ठेवा. जेवायला उठताना चित्र थांबवून जाऊ नका, टीव्ही बंद करा.

पुसट सावली दिसली तर आधी ती तात्पुरती आहे का ते पाहा. चार-पाच दिवस वेगळे कार्यक्रम पाहा, रात्री स्टँडबाय द्या, मग ५ टक्के राखाडी चित्र लावा. गेली असेल तर प्रश्न मिटला. तशीच असेल तर थंड दिवसात एकदा मोठी फेरी करा. त्यानंतरही राहिली तर ती झीज आहे, आणि ती भरून येत नाही.

पुसणं

कोरडं, स्वच्छ मायक्रोफायबर कापड, बंद आणि थंड पडद्यावर, हलक्या हाताने. बोटांचे ठसे निघत नसतील तर कापडाला डिस्टिल्ड पाण्याचा ओलावा द्या आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. काच पुसायचा निळा स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर पडद्यावरचा थर खातात. फवारा थेट पडद्यावर कधीच नको. थेंब ओघळून खालच्या कडेत शिरतो, आणि अनेक संचांत पॅनेलच्या नाजूक रिबन जोडण्या तिथेच असतात. दिवाळीच्या साफसफाईनंतर पडद्यावर उभी रेघ आली तर कारण बहुधा हेच असतं. टीव्हीखाली उदबत्ती किंवा समई ठेवू नका, काजळीचा चिकट थर कोरड्या कापडाने निघत नाही आणि मग दाब द्यायचा मोह होतो. पावसाळ्यात मागच्या जाळीशी पाली जमतात. जाळी झाकू नका, महिन्यातून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने तिथली धूळ आणि किडे झाडा. मग प्लग परत लावा आणि बटण चालू ठेवा.